अध्यक्षबाईंच्या मुठीतली चिठ्ठी

गिरगावातल्या त्या व्याख्यानमालेचा शिरस्ता सव्वीस वर्षे बदलला नव्हता. व्याख्यान संपले की श्रोत्यांनी आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे, अध्यक्षांनी ते आधी स्वतः वाचायचे, आणि असभ्य वाटेल ती चिठ्ठी बाजूला सारून उरलेल्या चिठ्ठ्या वक्त्यापुढे ठेवायच्या. अध्यक्षपदी होत्या मीनाक्षीबाई त्रिलोकेकर. वेळ संपली म्हणून एका मंत्र्यालाही त्यांनी घंटा वाजवून खाली बसवले होते. बाजूला सारलेल्या चिठ्ठ्यांचा हिशेब त्यांच्याकडे मागण्याची कुणाची छाती नव्हती.

त्या संध्याकाळी मात्र वक्त्याच्या खुर्चीत त्यांची सून बसली होती.

अनुजा मुंबई–नाशिक वेगवान रेल्वेच्या अर्थविभागात अधिकारी होती. राज्याचा वाटा उभारण्यासाठी मुंबईकरांच्या मालमत्ता करावर अधिभार बसवायचा, असा मसुदा तयार होता. पण लोकांचा कौल मिळाल्याखेरीज तो पुढे सरकणार नव्हता. तीन महिने ती शहरभर सभा घेत होती. हिंदमाताच्या दुकानदारांनी तिला दहाव्या मिनिटाला थांबवले. चिंचपोकळीत एक आजोबा म्हणाले, “आधी आमचा जिना दुरुस्त करा, मग गाडी पळवा.” घरी येऊन ती यातले अवाक्षरही बोलली नाही. मीनाक्षीबाईंना ते वर्तमानपत्रातून कळले, आणि सून रडगाणे गात नाही याचा त्यांना मनातून अभिमान वाटला. आज गिरगावनेही पाठिंब्याचा ठराव फेटाळला, तर मसुदा बासनात जाणार होता.

अनुजा चाळीस मिनिटे बोलली, तीही स्वच्छ मराठीत. गाडीच्या वेगाचे कौतुक तिने दोन वाक्यांत आटोपले आणि खर्चावर आली. किती पैसे लागतील, कर्ज किती, राज्याचे किती, एका घरामागे वर्षाला काय पडेल. लोक ऐकत होते, पण माना हलत नव्हत्या.

मग चिठ्ठ्या आल्या. मीनाक्षीबाई एकेक वाचून पुढे देत गेल्या. स्थानक कुठे? भाडे किती? ज्येष्ठांना सवलत आहे का? अनुजा उत्तरे देत होती. शेवटची चिठ्ठी उघडली आणि बाईंच्या कपाळावर आठी पडली. ते वळणदार अक्षर त्या ओळखत होत्या. पालिकेच्या लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले तात्या नवलकर तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

‘प्रवासी आलेच नाहीत, तर हा अधिभार आमच्या नातवंडांच्या माथी कायमचा बसणार ना? सूनबाईंना खरे बोलायचे नसेल, तर त्यांनी घरी जाऊन कुकर लावावा.’

बाईंची मूठ मिटली. सभ्यतेचा नियम होताच. पण आपण नियमासाठी मूठ मिटली नाही, हेही त्यांना ठाऊक होते. “प्रश्न संपले,” त्या म्हणाल्या.

“अध्यक्षबाई,” अनुजा उभी राहिली. घरात ती त्यांना आई म्हणे. “नूपुरने सतरा चिठ्ठ्या मोजून दिल्या. माझ्याकडे सोळा आल्या.”

नूपुर ही वाडीतलीच कार्यकर्ती. तिने घाईघाईने छताकडे पाहिले.

“एक वाचण्याजोगी नव्हती.”

“ते मला ठरवू द्या. हे लोक पैसे देणार आहेत. त्यांनी काय विचारावं, हे आपण कसं ठरवायचं?”

याच टेबलाशी मंत्री निमूट बसला होता! मीनाक्षीबाईंचा संताप क्षणभर उसळला; आणि त्याच क्षणी त्यांना वाटले, ही आपल्या घरची खरी. त्यांनी मूठ उघडली.

अनुजाने चिठ्ठी शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत वाचली. कुकरपाशी हशा पिकला.

“कुकर सकाळीच लावून आले, तात्या. आता खरं बोलते. प्रवासी कमी पडले तर हा बोजा लांबेल. पहिल्या मसुद्यात अधिभार कधी संपणार, ही तारीखच नव्हती. दोन वर्षं भांडून मी दहा वर्षांची मर्यादा घालून घेतली. पण मसुदा आहे तो. उद्या कुणी एका सहीने ती काढू शकतो. म्हणून हात जोडून सांगते, मला कोरा पाठिंबा देऊ नका. मर्यादेची अट घालून द्या. तुमच्यासारख्या दहा सभांनी अट घातली, तर ती खोडायला कुणाचाही हात कचरेल.”

“आणि गाडी हवी कशाला?” मागून कुणीतरी ओरडले.

“इथल्या किती जणांची मुलं नाशिकला राहायला गेलीत? रात्री तुम्हाला दुखायला लागलं तर फोनवर रडतात ती. मला ती तासाभरात दारात यायला हवी आहेत.”

तात्या सावकाश उठले. “ठरावाला दुरुस्ती सुचवतो. दहा वर्षांची मर्यादा, आणि दरवर्षी जमाखर्च याच सभागृहात मांडायचा. अनुमोदन कोण देतं?”

कुणीच हलले नाही. कराच्या बाजूने पहिले उभे राहायचे म्हणजे उद्या वाडीभर टोमणे खायचे.

मीनाक्षीबाईंनी शेजारी डुलक्या घेणाऱ्या उपाध्यक्ष मनमोहनरावांच्या कोपराला धक्का दिला. “उठा. खुर्चीत बसा.”

“अं? संपलं का?”

“माझी खुर्ची घ्या म्हणते. अध्यक्षाला बाजू घेता येत नाही.”

पायऱ्या उतरून त्या श्रोत्यांमध्ये आल्या. तात्या कुजबुजले, “बाई, लोक म्हणतील सुनेसाठी उतरल्या.”

“म्हणू देत. खोटं नाही म्हणणार.” मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या, “तात्यांच्या दुरुस्तीला माझं अनुमोदन. आत्ताची चिठ्ठी मी सभ्यतेसाठी नव्हे, सुनेसाठी दडवली. तिला तो आडोसा नको होता. जी बाई आपल्याच कामातली उणीव आपल्या तोंडाने सांगते, तिच्या हाती मी माझ्या घरचा पैसा देईन. कुणाचे हात वर येतात ते मला बघायचंय.”

त्यांनी स्वतःचा हात वर केला. तात्यांचा आला. मग मागच्या बाकांवरचे येऊ लागले. मनमोहनरावांना मोजणी जमेना, म्हणून नूपुरने दोनदा मोजले. एकाहत्तर बाजूने, चव्वेचाळीस विरुद्ध. विरोधातले काहीजण तणतणत बाहेर पडले.

अनुजा व्यासपीठावर डोळे पुसत होती.

“पुसून झाले असतील तर ठराव लिहून घे,” मीनाक्षीबाई खालून म्हणाल्या. “आणि अट पहिल्या ओळीत घाल.”