दहा किलोचं भ्यालेलं वजन

मी दहा किलोचं लोखंडी वजन बोलतेय. हो, बोलतेय! जन्मभर तागडीत बसून बायांची घासाघीस ऐकली, त्यांचीच जीभ मला लागली. आणि आधीच सांगते, मी भित्री आहे. लोखंड भीत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं माझ्या जागी लटकून पाहावं.

भट्टीतून निघाले, डोक्यावर कडी बसली, अंगावर सरकारी छाप बसला आणि आंजी गावच्या रूपरावजींच्या धान्याच्या दुकानात आले. माणूस हाताचा सैल. तागडी बरोबर झाली तरी मूठभर वर टाकल्याशिवाय त्यांचा हात थांबायचा नाही. पुढे विजेवर चालणारा बटणाचा काटा आला आणि मी दाराला टेकण होऊन पडले. येणारा-जाणारा ठेचाळायचा आणि मलाच शिव्या द्यायचा. डोळे तुमचे, दोष माझा!

तिथून मला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या छायाबाईंनी मागून नेलं. व्हरांड्याच्या तुळईला दोरानं टांगलं. स्वतः भिंतीला डोकं टेकून उभ्या राहिल्या, मला नाकाशी धरलं आणि सोडून दिलं. मी दूर गेले, वळले, थेट त्यांच्या तोंडावर निघाले. पोरी किंचाळल्या. मी तर मेलेच होते. पण नाकाच्या बोटभर अलीकडे थांबले.

"पाह्यलं?" बाई म्हणाल्या. "जेवढी ऊर्जा देली तेवढीच घेऊन येते. जास्त आणन कुठून? थोडी हवाच खाते, म्हणून अलीकडं थांबते."

वर्षाली नावाची एक चुरुचुरु बोलणारी पोरगी होती. "मॅडम, चंद्रावर हे हलकं होते न? मंग तिथं लागनार नाई!"

"उचलायले हलकं, पोरी. पण याच वेगानं आलं, तर नाक इथल्यासारखंच फुटन."

नाक फोडायची गोष्ट किती सहज बोलतात माणसं! मग मला चमच्यानं ठोकून पोरींनी दोराला कान लावले. माझी थरथर लाट होऊन वर चढते म्हणे. त्यात ठोकल्याची थरथर थोडी, भीतीची जास्त.

आज शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. रूपरावजी पाहुणे. कोणीतरी म्हणालं, "वजन ज्याचं, उद्घाटन त्याच्याच हातानं!" नारळ फुटला, मला हळदकुंकू लागलं. छायाबाई हात मागे बांधून भिंतीशी उभ्या राहिल्या. रूपरावजींनी मला त्यांच्या नाकाशी धरलं.

"सोडू का, बाई?"

"सोडा. फक्त सोडा, रूपरावजी."

सोडलं. पण सोडता सोडता त्या हातानं मनगटातून मूठभर वर टाकलंच.

टाळ्या वाजत होत्या. मला मात्र कळलं होतं. त्या टोकाला मी रोजच्यापेक्षा उंच चढले, तिथंच अडकून राहावंसं वाटलं. कसलं राहता येतंय? परत निघाले. बाईंचे डोळे उघडे, शांत, माझ्यावर भरवसा ठेवलेले. ओरडायला मला तोंड नाही, थांबायला पाय नाहीत.

"मॅडम, खाली बसा! त्यायनं ढकललं!" वर्षाली ओरडली.

बाई मटकन खाली बसल्या. मी भिंतीवर आदळले. प्लास्टरचा लचका त्यांच्या केसांवर पडला.

रूपरावजींचे ओठ पांढरे पडले. "मी काऊन ढकलीन बाई तुमाले? मी त सोडलंच होतं!"

खोटं नव्हते बोलत. हाताची सवय त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हती.

छायाबाई उठल्या. केसांतलं प्लास्टर झटकत म्हणाल्या, "उद्या मी परत इथंच उभी राहीन. नाई त पोरींच्या मनात भेवच बसन."

आता भिंतीतल्या खड्ड्यासमोर मी टांगलेली आहे. खड्डा बरोबर त्यांच्या तोंडाच्या उंचीवर आहे. उद्या सोडणाऱ्यानं, मग तो कोणी का असेना, नुसतं सोडावं. प्रेमानंसुद्धा वर काही टाकू नये. पोटात ठेवून घ्यायची सोय माझ्यात नाही हो. जे द्याल ते मला त्या बाईच्या तोंडावर नेऊन टाकावंच लागतं.