उजेडात धरलेली जर्सी

मागे बसलेल्या मंडळींनी जरा पुढे सरकावं, मधे बरीच जागा आहे. बुवा अजून यायचे आहेत, टाळ पिशवीतच राहू द्या. तोवर एका रंगाऱ्याची, त्याच्या लेकीची आणि सायकलीवर घालायच्या एका जर्सीची गोष्ट ऐका. लांबण लावत नाही.

कापड रंगवायच्या मिलमधले हिलाल मास्टर तिसरी जर्सी हातात घेऊन सायकलच्या दुकानाबाहेर निघाले, तेव्हा दुकानदार भूपेंद्रभाईंनी काउंटरवरून मान वर केली.

"काका, अंदर लाइट छे ने!"

"लाइट खोटं बोलते, भाई. कापड दारात बघायचं."

मास्टर पायरीवर उभे राहिले. सकाळचं ऊन उधन्याच्या रस्त्यावर पसरलं होतं. त्यांनी जर्सी ताणून धरली, उलटी केली, बोटाचं नख आतल्या शिवणीवरून फिरवलं आणि ती परत आणून लेकीच्या, धनश्रीच्या हातात दिली.

"ही नको. बाभळीचा एक काटा लागला की धागा ओढला जाईल."

धनश्रीनं ती रॅकवर परत टांगली. पहिल्या जर्सीला ते म्हणाले होते, मातकट आहे, मातीच्या रस्त्यावर मातीचा रंग घालून कोण जातं, मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला दिसायला नको? दुसरी आरशासमोर झकास बसली होती. पण मास्टरांनी तिला दुकानातल्या सायकलीवर चढून हँडल धरून वाकायला लावलं. वाकताच जर्सी पाठीवरून चार बोटं वर सरकली आणि खांद्यात फुगली.

"हे पुरुषांचं माप आहे, भाई. लहान करून बाईचं म्हणून टांगलंय."

भूपेंद्रभाई हसले. "काका, तुम्ही धंधो बंद करावशो माझा."

तिन्ही वेळा मास्टरांचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच धनश्रीला धीर वाटत नव्हता. नाही म्हणायचं असेल तर खरी कारणं शोधणारा माणूस जास्त कठीण.

सकाळी डिंडोलीच्या घरून निघताना धनश्रीच्या आईनं, सरलाबाईंनी, दोघांना दारात अडवून निकाल दिला होता. "कापड त्यांना कळतं. ते घेऊन देतील तर रविवारी जा. हात हलवत परत आलीस, तर सायकल माळ्यावर. मला रोजची धडधड नको."

रविवारी पलसाण्यापलीकडे, कालव्याच्या कडेनं, उसामधल्या मुरुमाच्या वाटांवरून साठ किलोमीटर जायचं होतं. अकरा बायकांचा गट. धनश्री आठवडाभर बँकेत पासबुकं भरते आणि रविवारची वाट बघते. पण संक्रांतीनंतर ती अशाच वाटेवर पडली. साधा टी-शर्ट बाभळीच्या फांदीत अडकला नि सायकल फिरली. तिन्हीसांजेला कोपर धरून ती घरी आली, तेव्हा ओट्यावर बसलेल्या मास्टरांनी हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "माती आहे. धुऊन टाक." आणि तोंड फिरवलं. चार टाके पडले. तेव्हापासून बापलेकीत जेवणाखाण्यापुरतं बोलणं. त्याआधीही दिवाळीपासून ते गप्प गप्पच असायचे. पण त्या संध्याकाळचं ते वाक्य तिच्या मनात टाक्यांपेक्षा जास्त टोचत राहिलं.

भूपेंद्रभाईंनी चौथी जर्सी काढली. मास्टरांनी ती अंगठा नि तर्जनीत चुरगाळून सोडली. कापडानं सुरकुती धरली नाही. पाठीमागे तीन खोल खिसे, त्यांना वरून पट्टी. चेन गळ्यापासून खालपर्यंत. खालची कड आतून पकडीची. धनश्रीनं ती घातली, मागच्या खिशात पाण्याची बाटली नि भाईंच्या दुकानातली हवा भरायचा छोटा पंप कोंबला आणि सायकलीवर चढून वाकली. जर्सी कमरेवरून हलली नाही. बाटली लोंबली नाही. खांदे मोकळे, पोटाशी जराशी सैल. अंगावर घातलेलं एखादं कापड आपल्याला माहेरचं वाटावं, तसं तिला झालं.

"काढून दे," मास्टर म्हणाले. "दारात नेतो."

ती आतून बदलून आली आणि जर्सी त्यांच्या हातात दिली. मास्टर पायरीवर गेले. या वेळी खूप वेळ उभे राहिले. जर्सी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"कापड एक नंबर," ते शेवटी म्हणाले. "पण रंग काळा आहे. उन्हात तव्यासारखा तापेल. नको."

"काळो?" भूपेंद्रभाई काउंटरमागून म्हणाले. "काका, आ काळो क्यां छे?"

धनश्री बापाकडे वळली. जर्सी जांभळी होती, लख्ख जांभळी.

"नाना, सरळ सांगा ना की जाऊ नको! रंगावर कशाला ढकलता? तुम्हीच..."

ती थांबली. मास्टर कापडाकडे बघतच नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेत शेजारच्याच्या पाटीकडे बघावं तसं. एकेकाळी समोरच्या गोदामातला नेव्ही ब्लूचा गठ्ठा लांबूनच बघून "हा आपल्या रंगाचा लॉट नाही" म्हणणारा हाच माणूस.

तिनं रॅकवरची एक जर्सी उचलली आणि शेजारी जाऊन उभी राहिली. आवाज खाली आला.

"नाना, ही कोणती?"

मास्टरांनी पाहिलं. "हळदी... फिकट हळदी."

ती पांढरी होती.

ते तिथंच पायरीवर बसले. जर्सी मांडीवर घेतली आणि तिची घडी घालू लागले. बाही आत, बाही आत. घडी जमेना.

"माले रंग दिखत नही, बेटा," ते घरच्या बोलीत म्हणाले. "दिवाळीपासून. आधी निळा गेला. मग सगळंच धुरकट. दिव्याभोवती कडं दिसतं."

"आणि मिलमध्ये रंग कसे जुळवता?"

"मिलमध्ये हाताखाली वाल्मिक आहे ना. मी रंगवलेला तुकडा शेड बघायला घेऊन दारात गेलो, की तो शेजारी येऊन उभा राहतो. तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, 'पिवळा वाढलाय', 'लाल कमी'. मी तेच मोठ्यानं सांगतो. चार महिने झाले. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही."

धनश्री त्यांच्या शेजारी बसली. रस्त्यावरून साड्यांच्या गठ्ठ्यांनी वाकलेला टेम्पो गेला. तो गेल्यावर तिनं विचारलं.

"म्हणजे सायकलीचा राग नव्हता?"

"सायकलीवर कशाला रागावू? तू पडून आलीस, त्या दिवशी तुझ्या कोपराला रक्त आहे की मुरुमाची माती, ते मला कळलं नाही. चाळीस वर्षं रंगात काढली आणि लेकीचं रक्त ओळखता आलं नाही. तुझी आई ओरडली, तेव्हा समजलं. मग तुझ्याशी कोणत्या तोंडानं बोलू?"

धनश्रीनं त्यांच्या मांडीवरची जर्सी घेतली आणि घडी नीट घातली. तिला हुंदका येईल असं वाटलं होतं. आला तो सुटकेचा लांब श्वास.

भूपेंद्रभाई पाण्याचा ग्लास घेऊन आले. उंबऱ्यातून त्यांनी सगळं ऐकलं होतं नि ते लपवायची त्यांना गरजही वाटली नाही.

"काका, आ तो मोतियो लागे छे. माझ्या बापुजींना असाच होता. बापुजी पण समजत होते, डोळे खलास. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, नि पहिलं वाक्य काय? 'भूपेंद्र, आ पडदा कोई धोतुं नथी?' तीन वर्षं पडदे तसेच मळलेले होते!"

मास्टर ग्लास हातात धरून बघत राहिले. "मोतिया? मोतीबिंदू? मला वाटलं, कढयांच्या वाफेनं डोळे खाल्ले. कायमचे."

"डॉक्टरला दाखवू या," धनश्री म्हणाली. "आज दुपारीच. सुट्टी टाकते."

"नुसता मोतिया," मास्टर पुन्हा म्हणाले, आणि हसले. आधी खांदे हलले, मग आवाज आला. दिवाळीपासून घरात कुणी न ऐकलेला.

मग त्यांनी डोळे पुसले आणि जर्सीवर हात ठेवला. "आता तू सांग. रंग कसा आहे?"

"जांभळा."

"असं नाही. मास्टरला सांगतात तसं सांग."

धनश्रीनं जर्सी उन्हात धरली. "वांगी रंग घ्या, नाना. त्यातला काळपटपणा काढा. वर गुलाबी टाका, चिमूटभर नाही, सढळ हातानं."

मास्टरांनी डोळे मिटले. ओठ हलले. डोक्यात रंगाची कढई चढली होती.

"मग उसात लपणार नाही," ते म्हणाले. "लांबून दिसेल. बांधा, भाई."

भूपेंद्रभाई आत वळले. मास्टरांनी खिशातून फोन काढला आणि धनश्रीला नंबर लावायला लावला.

"वाल्मिक, हिलाल बोलतोय. अरे, मोतिया आहे म्हणतात. ऑपरेशन करून घेतो. मालकाला मीच सांगेन." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू दारात इतके दिवस उभा राहिलास..."

पलीकडे मशीनचा खडखडाट होता. मग वाल्मिकचा आवाज आला, एवढा मोठा की धनश्रीलाही ऐकू गेला.

"मी? मी तर वाऱ्याला उभा राहायचो, मास्टर. आत किती उकडतं!"

बुवा आले बघा. उठा आता. एवढंच करा: आरतीला हात जोडाल, तेव्हा देवाच्या नावामागून एकदा वाल्मिकचंही नाव घ्या.