नववी पत्रिका

मी एक निमंत्रणपत्रिका. छापखान्याची पायरी मी कधी चढले नाही. माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला, डिंकाची बाटली आणि न उचललेले चहाचे कप यांच्या मधोमध. आमच्या घरातले बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. एका दातांच्या डॉक्टरांनी पाटी सांगितली आणि ती अर्धी रंगून झाल्यावर काचेचीच हवी म्हणून नाकारली. त्या पाटीच्या पुठ्ठ्याचे नऊ तुकडे झाले. त्यातली मी शेवटची. माझ्या पाठीवर अजून ‘दात’ ही दोन अक्षरं ठसठशीत आहेत. पुढून आमंत्रण आणि मागून दात, असं नशीब फार थोड्यांचं.

बाबांच्या मुलीला तेरावं वर्ष लागणार होतं. बाबा तिला बाईसाहेब म्हणतात. तिला ते मुळीच आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणतात. बाईसाहेबांचं मत असं की एक मेसेज टाकला की झालं, हल्ली हाताने पत्रिका कोण करतं? बाबा म्हणाले, कोणी करत नाही म्हणूनच करू. तिने नाक मुरडलं. पण पाचव्या मिनिटाला ब्रश तिच्या हातात होता, आणि दहाव्या मिनिटाला ती बाबांनाच रेघ कशी मारावी ते शिकवत होती. आई पेपर वाचत होती. मात्र तिच्या कापडाच्या कात्रीकडे कोणाचा हात वळतोय, हे तिला पेपराआडूनही दिसत होतं.

आठ पत्रिका झाल्या. बाबांनी यादी पाहिली आणि समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीचं नाव कसं नाही, असं विचारलं. बालवाडीपासूनची मैत्रीण ती.

“ती येणार नाही,” बाईसाहेब म्हणाल्या आणि रंगाच्या डबीचं झाकण उगाच घट्ट करत बसल्या.

 बाबांनी माझ्यावर फुगे तेवढे रंगवले आणि मजकुराची जागा कोरीच ठेवून ते हात धुवायला गेले. विसरल्याचं सोंग मोठ्या माणसांना फार छान जमतं.

बाईसाहेबांनी मला गुपचूप खोलीत नेलं. लिहिता लिहिता ती पुटपुटत होती, म्हणून मला सगळं कळलं. महिन्यापूर्वी त्या मैत्रिणीला चष्मा लागला. पहिल्याच दिवशी हिने भर वर्गात तिला एक नाव ठेवलं. सगळे हसले, हिलाही दोन मिनिटं फार बरं वाटलं. मग ते नाव वर्गभर झालं आणि मैत्रिणीने चष्मा दप्तरात ठेवून दिला. ते नाव मी सांगणार नाही. आधीच ते पुष्कळ तोंडांतून फिरलंय.

बाईसाहेबांनी आधी लिहिलं, ‘यायचं असेल तर ये.’ खोडलं. मग, ‘आईने सांगितलं म्हणून बोलावतेय.’ आईला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेही खोडलं. शेवटी उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘मी तुला सगळ्यांसमोर चिडवलं, ते चुकलं. तू नसलीस तर मजा नाही. ये ना.’ माझ्यावरचे रंगीत फुगे त्या खाडाखोडीत पार बुडाले.

बाकी आठजणी दुसऱ्याच दिवशी पोचत्या झाल्या. मी मात्र चार दिवस भूगोलाच्या वहीत. ही रोज समोरच्या इमारतीचा जिना चढायची आणि दाराबाहेर चपला दिसल्या की तशीच उतरायची. पाचव्या दिवशी तिने मला दाराखालून आत सरकवलं आणि जी धूम ठोकली, ती थेट घरी येऊन थांबली.

मैत्रिणीने मला उचललं. अक्षर बारीक, काही दिसेना. शेवटी तिने दप्तरातून चष्मा काढला आणि मला दोनदा वाचलं. मग लाल पेन घेऊन शुद्धलेखनाच्या चार चुका सुधारल्या आणि खाली लिहिलं, ‘दहापैकी सहा. येते.’

दुसऱ्या दिवशी ती वर्गात चष्मा लावूनच आली आणि तिने मला बाईसाहेबांच्या बाकावर ठेवलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ते नाव घेतलं. दोघी-तिघी हसल्या. बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या. 

“ते नाव मी ठेवलं होतं,” ती म्हणाली. “माझं चुकलं. आता कोणी घ्यायचं नाही.”



“खाली बस,” मैत्रीण हळूच म्हणाली, “सर आलेत.” आणि बाईसाहेबांना सरकवून तिने त्याच बाकावर स्वतःसाठी जागा केली.

वाढदिवस उत्तम झाला. निघताना मैत्रिणीने मला मागून घेतलं. आता मी तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. एक कोपरा दुमडलाय, रंग उडालाय. मोजे शोधताना ती माझ्याकडे बघतही नाही, आणि मला त्याचा राग नाही. दोघी अजून भांडतात, गेल्याच आठवड्यात भांडल्या. कारण आता दोघींनाही आठवत नाही. विनंती एवढीच, की घर आवरताना मला रद्दीत टाकू नका. पुढेमागे दोघी म्हाताऱ्या होतील आणि आधी कोण बोललं यावर वाद घालतील, तेव्हा साक्षीला कोणीतरी हवं.