मिरवणूक सोडून आलेली माणसं

माझ्या लग्नाला बाबा आले नाहीत. आई आली. कॅथलिकांच्या चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसली, सगळ्यांनी गुडघे टेकले तेव्हाही ताठ बसून राहिली, आणि बाहेर पडल्यावर माझ्या नवऱ्याचा, मातियाशचा, मुका घेऊन म्हणाली, "हिला उठल्याउठल्या काही विचारू नकोस हं. चिडते."

बाबा, कोलोमान त्यांचं नाव, वाईट माणूस नव्हते. आमच्या घरी पहाटे आधी बायबल, मग गाईंची धार, मग न्याहारी. हा क्रम मी कधी चुकलेला पाहिला नाही. पण लूथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, राहण्यासाठी आमच्या पूर्वजांनी कॅथलिकांकडून फार सोसलं होतं, आणि मुलीनं कॅथलिक घर निवडावं हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मी धर्म बदलला नव्हता, तरीही नाही.

त्यातून आमच्या टेकड्यांमध्ये एक जुनी खोडी चालत आलेली. गुड फ्रायडे आमचा सगळ्यांत मोठा दिवस, तर त्या दिवशी कॅथलिक मुद्दाम नांगर धरायचे. आणि जूनमध्ये ख्रिस्तदेहाच्या सणाला त्यांची मिरवणूक निघाली, की आमची माणसं रस्त्याकडेच्या शेतात शेणखत पसरायची. नांगर धरणाऱ्यांत माझे सासरे वेंडेल पहिले, आणि शेणखतवाल्यांत बाबा.

लग्नाला दोन वर्षं झाली त्या जूनमध्ये बाबांनी उतारावरचं सगळं गवत कापलं, आणि ते वाळत पडलेलं असताना गवताच्या माळ्यावर चढायच्या शिडीवरून पडले. पाय मोडला. प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं आणि खिडकीशी खाटेवर निजवलं. माझा भाऊ एर्नेस्ट जर्मनीत कारखान्यात. शेजाऱ्यांचं स्वतःचंच गवत शेतात पडलेलं, कुणाला हाक मारणार?

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळपासूनच पश्चिमेकडून काळं भरून आलं. आई एकटीच दाताळं घेऊन उतारावर गेली. मी धावत पोचले, तर मला सातवा महिना, म्हणून ओरडली, "विल्मे, त्या झाडाखाली बस! मला एकाचीच काळजी पुरे आहे."

मी बसले नाही. दोघी गवत ओढत होतो. खालच्या रस्त्यावरून घंटा वाजली. ख्रिस्तदेहाची मिरवणूक. पुढं छत्र, त्याखाली ख्रिस्ताचा देह मानलेली पवित्र भाकर घेऊन फादर, आणि छत्राच्या चार काठ्यांपैकी एक वेंडेलच्या हातात. त्यांनी वर पाहिलं. आभाळाकडे पाहिलं. मग काठी शेजारच्या माणसाला दिली आणि सणाच्या काळ्या सुटात सरळ चढण चढू लागले. मागून मातियाश, त्याच्या मागून आणखी माणसं, बायका, त्यांत डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक अनोळखी बाईही. फादर म्हणे क्षणभर थांबले आणि बोलले, "जा, जा. देव भिजला तर बिघडत नाही, गवत बिघडतं."

आई गोंधळली. "अहो वेंडेल, आज तुमचा सण!"

"सण रात्रीपर्यंत आहे, एतेल्काबाई. पाऊस तेवढा थांबायचा नाही. दुसरं दाताळं कुठंय?"

खिडकीतून बाबांचा आवाज आला, "एतेल्का! ही सगळी कशाला आलीत?"

"शेणखत बघायला आलो, व्याही!" वेंडेल ओरडले. "यंदा रस्त्यावर वास आला नाही, म्हटलं माणूस बरा आहे ना!"

सगळे हसले. बाबांनी खिडकी लावली नाही. दुपारपर्यंत ते तिथून नुसते बघत होते. शेवटची गाडी गोठ्याच्या छपराखाली शिरली आणि थेंब पडायला लागले.

आईनं पावाचे जाडजूड काप केले, आंबट दूध आणि भोपळ्याच्या बियांचं तेल घातलेली घेवड्याची कोशिंबीर मांडली. बाबा म्हणाले, "मला टेबलाशी न्या." वेंडेल आणि मातियाशनं त्यांना खुर्चीसकट उचललं. बाबांनी हात जोडले, "हे पित्या, या अन्नासाठी..." म्हणाले आणि अडकले. आईनं प्रार्थना पुरी केली. बाबांनी डोळे उघडले ते मातियाशकडे बघत.

"तुझ्या लग्नाला आलो नाही मी. चुकलं माझं."

मातियाशचे कान लाल झाले. "जेवा आता, बाबा," तो म्हणाला. "पाव संपत आला."

वेंडेलनं मान खाली घालून पुष्कळ वेळ कोशिंबीर ढवळली.

ऑगस्टमध्ये माझी मुलगी झाली. बाबा काठी टेकत आमच्या घरी आले, सासूबाईंनी केलेली गिबानित्सा, खसखस आणि पनीरचे थर घातलेला केक, दोनदा मागून खाल्ली, आणि नातीला मांडीवर घेऊन दिवसभर बसले.

ऑक्टोबरमध्ये आमच्या चर्चमध्ये पिकाबद्दल आभार मानायचा रविवार असतो. वेदीपुढं मका, सफरचंदं, भोपळे रचलेले. त्या वेळी बाबा पाळकांची परवानगी घेऊन उभे राहिले. खिशातून कागद काढला. त्यावरची नावं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली होती. अख्ख्या लूथरन मंडळीसमोर त्यांनी एकेक कॅथलिक नाव सावकाश वाचलं. वेंडेल. मातियाश. लोहाराची बायको. एक नाव मात्र आम्हाला मिळालंच नव्हतं.

"आणि निळ्या रुमालाची ती बाई," बाबा म्हणाले, "प्रभू, तिला तू ओळखतोस."

आईनं रुमालात नाक शिंकरलं. ऑर्गन सुरू झाला. बाबा नेहमीसारखेच सगळ्यांच्या पुढं अर्धी ओळ गात होते, आणि त्या दिवशी मात्र त्यांना एरवीसारखं कुणी कोपरानं ढोसलं नाही.