केवलमूल्याची ट्रायल

माझी थोरली जाऊ कापते, मी शिवते, आणि सासूबाई काजं-बटणं करता करता आम्हा दोघींना उसवत असतात. असं आमचं दुकान चालतं. यंदा जाऊबाईंनी एकदम बीजगणिताची परीक्षा द्यायचं काढलं. शिवणशाळेत शिकवणाऱ्या बाईंची जागा निघाली होती. कापण्यात जाऊबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण शाळेला गणितात पास झालेली बाई हवी होती, आणि जागा काही वर्षभर त्यांची वाट बघत थांबणार नव्हती.

"बाही कापायला क्ष कशाला लागतो?" सासूबाईंनी विचारलं.

"बाहीला नाही लागत आई, शाळेला लागतो."

जाऊबाई पुस्तक मोठ्याने वाचायच्या, त्यामुळे मशीन मारता मारता मीही शिकत गेले. केवलमूल्याचा धडा आला. दोन उभ्या रेघा, आणि आतल्या संख्येचं शून्यापासूनचं अंतर.

"हा तर टेप!" जाऊबाई म्हणाल्या. "डावीकडे मोजा नाहीतर उजवीकडे, टेप कधी उणे पाच दाखवतो का?"

|क्ष − ३| = ५ त्यांनी चुटकीसरशी सोडवलं. टेपच्या तीनवर बोट ठेवलं, पाच इकडे, पाच तिकडे. आठ आणि उणे दोन. "दोन बाह्या! उगाच घाबरत होते."

घोळ पुढे झाला. |क्ष − ४| = २क्ष + १. उत्तरं आली एक आणि उणे पाच. पुस्तक म्हणत होतं, दोन्ही मूळ समीकरणात घालून बघा. एक झकास बसलं. उणे पाच घातलं तर डावीकडे नऊ, उजवीकडे उणे नऊ.

"ते टाकून द्या," मी म्हटलं.

"कापलेलं टाकू?" जाऊबाईंना धक्काच बसला. "अगं, एका चिन्हाचा तर प्रश्न आहे. उसवते, उलटून लावते."

"अहो, ते समीकरण आहे, शर्ट नव्हे!"

"कुणाचं पोट सुटलं म्हणून मी शर्ट फेकलाय कधी?"

आणि खरोखरच त्यांनी उजव्या बाजूची चिन्हं फिरवून तिथे नऊ आणून दाखवले. सासूबाईंनी दातांनी दोरा तोडला.

"मोठे, गिऱ्हाइकाला कापून शर्टात बसवायचं नसतं."

जाऊबाईंनी वही परत पुढे ओढली. मग त्यांनी उणे पाचवर काट मारली, पण इतक्या हलक्या हाताने, की त्याला दुखू नये.

परीक्षेहून परतल्या त्या चप्पल न काढताच खुर्चीत बसल्या.

"बाकीचा पेपर जेमतेम. सगळं शेवटच्या गणितावर होतं. तेच गेलं."

"होतं काय?"

"दोन रेघांत २क्ष − ३, आणि समोर क्ष − ६. उत्तरं आली तीन आणि उणे तीन. तीन बसेना, काटलं. मग उणे तीनही बसेना." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तेही काटलं. 'उत्तर नाही' असं लिहून आले. असं कुठे असतं का गं? मीच कुठेतरी वाकडं कापलं असणार."

मी समोर होता तो खडू उचलला आणि टेबलावर मांडून सोडवायला लागले. माझीही तीच उत्तरं आली. तीन घातलं: डावीकडे तीन, उजवीकडे उणे तीन. उणे तीन घातलं: नऊ आणि उणे नऊ.

"जाऊबाई, नाहीच बसत! उत्तर नाहीच आहे! बरोबर आलंय तुमचं!"

"परत घाल."

परत घातलं. परत बसलं नाही. एखादी गोष्ट न बसल्याचा इतका आनंद आमच्या दुकानात कधी झाला नव्हता.

"म्हणजे पास ना?" सासूबाईंनी विचारलं.

"पास, आई!"

"मग ही रडतेय कशाला? आणि धाकटे, तू लिहिलंयस कशावर ते बघ जरा."

बघितलं. कोटाचं कापड. काळं, नवंकोरं, आणि त्यावर इकडून तिकडे पांढरा क्ष. मी ब्रश घेतला, तर जाऊबाईंनी माझा हात धरला.

"राहू दे जरा."

नेमका तेव्हाच कोटवाला दारात. "झाला का हो माझा कोट?"

जाऊबाईंनी डोळे पुसले आणि कापडावर टेप लावत, फार कामात असल्यासारखं, त्याला सांगितलं, "उद्या या. आज त्याच्यावर बरोबर उत्तर आहे."