काटा कुणामुळे हलला

वेधशाळेतली ती लाकडी खोली भलतीच नाजूक स्वभावाची. लोखंड तिला सोसत नसे. म्हणून खिळे तांब्याचे, कुलूप पितळेचे, आणि आत जाणाऱ्याने किल्ल्या, घड्याळ, केसांतले आकडेसुद्धा बाहेर काढून ठेवायचे. मोठमोठे साहेब पट्टा काढून, एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने रुबाब सांभाळत आत शिरायचे. आत एक चुंबक टांगलेला होता. पृथ्वीचं चुंबकत्व जरा कुठे हललं की त्याला जोडलेला काटा कागदावर वाकडी रेघ ओढायचा. फक्त या शहाण्याला पृथ्वी कोणती आणि टाचणी कोणती हे कळायचं नाही.

काटा सांभाळणारीला सगळे सुईबाई म्हणत. तिचे सासरे त्याच वेधशाळेतून निवृत्त झालेले, पण घरी करमत नाही म्हणून रोज सुनेबरोबर येत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खिशातलं लोखंड गोळा करत. त्यांच्या स्वतःच्या खुब्यात मात्र डॉक्टरांनी ठोकलेला जुना लोखंडी खिळा होता. तो काही काढून ठेवता येत नव्हता, म्हणून त्यांचं बाकडं खोलीपासून चांगलं लांब मांडलं होतं.

सूर्यावरून वादळ सुटलं आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावर आदळलं की लांबलांबच्या विजेच्या तारांमध्ये नको तो प्रवाह घुसतो, ट्रान्सफॉर्मर तापतात. म्हणून काटा बिथरला की सुईबाईने विजेच्या उपकेंद्राला फोन करायचा, असा नियम. मागच्या महिन्यात तिने केला. अर्ध्या गावाची वीज गेली, आणि शेवटी निघालं काय, तर पाहुण्या साहेबांच्या कवळीतली तार! तिचा नवरा उपकेंद्रातच कामाला. "आज वहिनींनी दिवे लावायची परवानगी दिली का रे?" असं त्याला अजून रोज ऐकावं लागत होतं.

त्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. नवरा निघताना म्हणाला होता, "आज मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना काढायचाय."

काटा अचानक उडाला.

सुईबाईने आधी स्वतःला चाचपलं. एक आकडासुद्धा नाही. दारातून डोकं बाहेर काढून ती ओरडली, "मामंजी, जरा मागे सरका बघू!"

"रोज इथंच तर बसतो की!"

"आज सरका!"

म्हातारा लंगडत झाडापर्यंत गेला. काटा वर चढला. म्हातारा फाटकापर्यंत गेला. काटा धाडकन खाली आला आणि थरथरू लागला, ताप चढलेल्या माणसाचे दात वाजावेत तसा.

"अगं, आता काय घरीच जाऊ?" फाटकापलीकडून आवाज आला.

"जा! अजून लांब जा!"

म्हातारा रस्त्याच्या वळणाआड दिसेनासा झाला. आणि काट्याने कागदाची कड ओलांडली.

लोखंड काट्याला एकदा ढकलतं आणि गप्प बसतं. लांब गेलं की सोडूनही देतं. हे जे कोणी होतं ते सोडत नव्हतं. खिडकीबाहेर ऊन पडलं होतं, पाखरं ओरडत होती, आणि त्या निळ्या आभाळातून काहीतरी कोसळत होतं, ज्याला ना आवाज ना सावली. ती मात्र इतका वेळ एका म्हाताऱ्या खुब्याला हाकलत बसली होती.

फोनमध्येही चुंबक असतो, म्हणून तो पार पलीकडच्या शेडमध्ये. ती अनवाणी धावली.

"कोण, सुईबाई?" उपकेंद्राचा ऑपरेटर हसला. "आज कोणाची कवळी?"

"भाऊजी, वादळ आहे. बंद करा सगळं."

"मागच्या वेळी मला लेखी उत्तर द्यावं लागलं, वहिनी."

"ते कुठे आहेत?"

"तिकडेच, मोठ्यापाशी. बाटली भरतोय." तो थांबला. हसू विरलं. "सकाळपासून जरा जास्तच घुमतोय खरा तो ट्रान्सफॉर्मर."

आता तिलाही ऐकू आलं. तारेतून, ऑपरेटरच्या श्वासामागून, एक जाड घरघर. ती चढत होती.

"तुमच्या शब्दावर बंद करू? नक्की?"

इतका वेळ तिला चुकण्याची भीती होती. आता ती भीती कुठल्या कुठे गेली होती.

"माझ्या शब्दावर. आधी त्यांना लांब काढा, भाऊजी, आधी त्यांना!"

तिकडे रिसीव्हर टेबलावर आपटला. पावलं पळाली. कोणीतरी कोणालातरी खच्चून शिवी घातली. घरघर इतकी वाढली की तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला, तरी ऐकू येत होती. मग धडाका. मग काहीच नाही.

वळणावरून परत आलेले सासरे शेडच्या दारात धापा टाकत उभे होते. तिचा चेहरा बघून त्यांनी चौकट धरली.

"माझंच लोखंड होतं ना गं?" ते म्हणाले. "म्हण ना, माझंच होतं."

रिसीव्हर कानाला घट्ट चिकटवून सुईबाई त्या शांततेत कान देऊन राहिली. बऱ्याच वेळाने तिकडे कोणीतरी खोकलं. लांब, धुरातलं खोकणं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, हे खोकणं तिने हजार खोकल्यांतून निवडलं असतं.

"बाटली राहिली गं तिथंच," नवरा म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मी उभा होतो ना, तिथं आता नुसती आग आहे."

तिने रिसीव्हर सासऱ्यांच्या हातात दिला.