बेशीचा वाटा

गेणूनं सशाची बरगडी दगडावर ठेवली आणि हातातल्या गोट्यानं हळूहळू ठेचायला घेतली. जोरात मारलं की हाडाला टोक निघतं आणि टोक घशात रुततं. म्हणून दोनदा ठोकायचं, मग बोटानं चाचपून बघायचं. टोक लागलं की पुन्हा ठोकायचं. असं करत करत त्यानं बरगडीचा पार लगदा केला, त्यात नखाएवढं काळीज कालवलं आणि गोळा करून पाचव्या पानावर ठेवला.

दारात रतनबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होती. निवडत कसली, एकच खडा चार वेळा बाजूला करत होती. सगळं ध्यान त्याच्या बोटांकडं.

लोणावळ्यात त्या पाच जनावरांना विलायती मुंगसं म्हणायचे. अंग मुंगसाचं, पण रंग सायीसारखा आणि डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. रेल्वेच्या साहेबानं ती बोटीतून आणलेली. धान्याच्या गुदामात सोडली की बिळात शिरून उंदीर बाहेर काढायची. साहेब सहा महिन्यांच्या रजेवर मायदेशी गेला आणि जाताना गेणूला सांगून गेला की मी येईन तेव्हा पाचच्या पाच मला जिती पायजेत. बंगल्याच्या मागं नोकरांच्या खोल्या होत्या, त्यातली एक गेणूची. पिंजरा त्याच्याच दारासमोर.

त्यांना शिजवलेलं चालत नव्हतं. अख्खं जनावर लागायचं, कच्चं, हाडामासासकट, केसासकट. नुसतं मऊ मास घातलं तर महिन्याभरात पाय लुळे पडतात, असं साहेबानं बजावलं होतं. डोंगरवाडीचा बारकू दर दुसऱ्या दिवशी तोंडबंद टोपली घेऊन यायचा. भातं कापून झाली होती, बांधाबांधाच्या बिळात उंदीर माजले होते. बारकू ते जिते धरून आणायचा आणि बिळात सापडलेलं भात आपल्या घरी न्यायचा. मेलेला सापडलेला उंदीर गेणू हातात घ्यायचा नाही. पटकीपेक्षा पलेग वाईट, हे त्यानं लहानपणी बघितलं होतं. जिता उंदीर घ्यायचा, मान मोडायची, पोट फाडून पित्ताची पिशवी काढून टाकायची, बाकी सगळं वाटायचं.

आणि वाटावं तर गेणूनं. टामला डोकं, तो कवटी फोडल्याशिवाय बाकीच्याला तोंड लावत नसे. पोलीला मागचा पाय. ज्याकला आतडी पिळून द्यायची, नाहीतर ओकतो. डिक हावरा, त्याला केसाळ कातडीचा तुकडा आधी, म्हणजे चावत बसतो आणि दुसऱ्याचं ओढत नाही. पाचवी बेशी. म्हातारी. दात पडलेले. तिच्यासाठी ठेचायचं.

गेणू हे असं बोलायचा, की टामला आज डोकं बारीक आलं, पोली आज रुसली. जेवताना बोलायचा, हात धुताना बोलायचा. रतनबाई भाकरी वाढत ऐकायची. तो उठून पिंजऱ्याकडं गेला की ती चुलीपुढं, दाराकडं पाठ करून आपलं जेवायची. वीस वर्षं तशीच जेवत होती. तिची सासू तशीच जेवायची, आई तशीच जेवायची. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. ती बेशी आली आणि वाटायला लागलं.

शेजारच्या खोलीतली झुंबरबाई बंगल्यात भांडी घासायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"रतन, सवत जेवली का गं तुझी?" ती येता-जाता विचारायची.

"जेवली," रतनबाई म्हणायची. "तिला भरवायला धनी हाय तिचा."

दोघी हसायच्या. झुंबरबाई हसून विसरायची. रतनबाईच्या पोटात ते रात्रीपर्यंत राहायचं.

त्या मंगळवारी सकाळी तळेगावाकडून गाडीनं माणूस आला. तिकडच्या नवलाख उंबरे गावात त्यांची लेक सरू दिलेली. तिचा सासरा पहाटे गेला होता. वर्ष झालं नव्हतं लग्नाला. रतनबाईनं हातातलं पीठ तसंच टाकलं आणि डोक्यावर पदर घेतला. व्याही गेला तर दोघांनी जायचं, ही रीत. त्यात पोरगी नवी, तिला आई दिसली पाहिजे.

गेणू पिंजऱ्याकडं बघत उभा राहिला.

"दोगं गेलो तर ह्यांचं कोन बघंल?" तो म्हणाला. "मी सावडून येतो. तीन दिसाचा तर परश्न हाय. तू ऱ्हा."

रतनबाईनं पदर खाली घेतला. मग गेणू तिला कुणाला काय द्यायचं ते सांगायला बसला. टामपासून सुरुवात केली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"तुला कसं ठावं?"

"जावा तुमी. गाडी चुकंल."

तरी तो निघताना फाटकातून माघारी आला आणि म्हणाला, की बेशीचं तेवढं नीट ठेच.

दुपारी बारकू आला. टोपलीत सहा उंदीर, वर एक ससा. गेणू नाही म्हटल्यावर तो माघारी न्यायला निघाला. रतनबाईनं त्याला थांबवलं. पळसाची पाच पानं मांडली आणि सुरी घेतली. बारकू उकिडवा बसून बघत राहिला. तिनं पित्ताची पिशवी न फोडता काढली, आतडी पिळली, डिकचा कातडीचा तुकडा आधी बाजूला ठेवला.

"मावशी, तू कवा शिकली गं?"

"बघून," रतनबाई म्हणाली.

चार पानं पिंजऱ्यात गेली. पाचव्या पानावर तिनं सशाची बरगडी ठेवली, आणि ठेचायचा गोटा उचलला, आणि परत खाली ठेवला. बरगडी तशीच अख्खी बेशीपुढं सारली.

बेशीनं हुंगलं. एका बाजूनं तोंड लावलं, दुसऱ्या बाजूनं लावलं. मग मागं सरली आणि रतनबाईकडं बघत बसली.

"खा की," रतनबाई म्हणाली. "माझ्याच घरात माझ्याकडं काय बघतीस? दात न्हाईत तर न्हाईत. माझं तरी कुणी ठेचून दिलंय का?"

झुंबरबाईनं आपल्या दारातून विचारलं, कुणाशी बोलतीस गं. रतनबाई म्हणाली, कुणाशी न्हाई.

संध्याकाळी बरगडी तशीच होती. रतनबाईनं पाणी बदललं, खालचा पेंढा झटकला, बरगडीला हात लावला नाही. भूक लागली की खाईल, असं मनाशी म्हणाली. रात्री तिनंही धड खाल्लं नाही. सरूला आज कुणी घास दिला असेल का, एवढंच डोक्यात.

सकाळी बघते तर बरगडी दिसेना. बेशीनं ती ओढत नेऊन कोपऱ्यात पेंढ्याखाली दडवली होती आणि स्वतः जाळीशी पडली होती, फाटकाच्या बाजूला तोंड करून. फाटक वाजलं. बेशीनं मान उचलली. दूधवाला होता. तिनं मान परत टाकली.

थोड्या वेळानं परत वाजलं. आता झुंबरबाई. परत मान वर, परत खाली.

तिसऱ्या वेळेला वाजलं तेव्हा रतनबाईचीही मान वर झाली. पोष्टाचा माणूस बंगल्याकडं निघून गेला. रतनबाई आणि बेशी, दोघींनी एकाच वेळी तोंड फिरवलं. रतनबाईला आपलीच लाज वाटली.

"न्हाई येत आज," ती बेशीला म्हणाली. "उद्या येनार हायेत."

मग तिनं राहिलेल्या उंदरांतला एक घेतला आणि ठेचायला बसली. दोनदा ठोकायची, बोटानं चाचपायची. तिचं काम गेणूपेक्षा बारीक झालं, वीस वर्षं पाट्यावर वाटणारा हात तो. पण बेशी आता पानाशी येईना. पोट आत गेलं होतं, कातडी ढिली पडली होती. रतनबाईनं पिंजऱ्याचं दार उघडलं, बोटाच्या टोकावर लगदा घेतला आणि तिच्या ओठाला लावला. बराच वेळ काही नाही. मग खरबरीत, बारीक जीभ बोटाला लागली. एकदा. मग दोनदा.

पानावरचं सगळं संपायला दुपार झाली. रतनबाईचा पाय आखडून गेला. बेशी तिच्या हाताशी अंग लावून झोपली, तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रागही आला. सवतीनं आपल्या हातचं खाल्लं ह्याचा आनंद मानायचा म्हणजे काय?

तिसऱ्या दिवशी बारकूनं रानकोंबडा आणून दिला. चांगला दणकट, पिसं अजून गरम. तो गेला आणि पाठोपाठ गेणू फाटकातून आत आला. डोक्याचा पटका धुळीनं लाल झालेला. मौतीच्या घरून आलेला, म्हणून रतनबाईनं बाहेरच पाणी दिलं. त्यानं अंघोळ केली, ओल्या अंगानंच पिंजऱ्याशी जाऊन बसला, पाची मोजली, आणि बेशीच्या पोटावरून हात फिरवला.

"सरू कशी हाय?" रतनबाईनं मागून विचारलं.

"बरी हाय. रडली लय. आई का न्हाई आली, म्हनत व्हती."

"मग तुमी काय सांगितलं?"

गेणूनं मागं न बघता सांगितलं, "जनावरं हायेत म्हनलं घरी."

रतनबाई आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती कोंबडा आणि सुरी घेऊन. दोन्ही त्याच्यापुढं ठेवली. गेणूनं पानं मांडली. पिसं उपटून, पोट फाडून त्यानं काळीज बाहेर काढलं आणि म्हणाला, की बेशी जरा उतरल्यासारखी दिसतीया.

"पैल्या दिशी उपाशी ठेवली तिला," रतनबाई म्हणाली. "बरगडी तशीच टाकली पुढ्यात. मुद्दाम."

गेणूची सुरी थांबली.

"दुसऱ्या दिशी ठेचून घातलं. बोटानं चाटवलं. आता खाती. पन पैल्या दिशी मुद्दाम ठेवली, ते तुमाला सांगितल्याबिगर माज्यानं ऱ्हावना."

"अगं, मेली असती तर? साह्येब काय म्हनला असता?"

"साह्येबाचं मला ठावं न्हाई." रतनबाई उंबऱ्यावर बसली. आवाज चढला नव्हता, भाजीचं बोलावं तसं बोलत होती. "टामला डोकं लागतं. पोलीला मागचा पाय. तुमाला मांडी लागती, आन् रश्शावरचा तवंग. सरूला काळीज आवडायचं. समद्यांचं मला ठावं हाय. बघून बघून ठावं हाय. मी जेवती तवा तुमी कुटं असता?"

गेणूनं पिंजऱ्याकडं बघितलं. उत्तर सोपं होतं. पिंजऱ्यापाशी असतो. चार हातांवर. वळून बघितलं असतं तर चूल दिसली असती, आणि चुलीपुढं बसलेल्या बाईची पाठ.

त्यानं सुरी दगडावर पुसली. कोंबडा उलटा केला, परत सुलटा केला. ज्याच्या हातचा वाटा कधी कमी-जास्त झाला नाही असा माणूस, त्याला सुरी कुठं लावावी कळेना. पाच पानं पुढं मांडलेली. आत वास गेला तसा डिक जाळीवर चढला, टामनं पुढचे दात जाळीत अडकवून ओढायला सुरुवात केली.

"तुला ह्यातलं काय लागतं?" गेणूनं विचारलं.

विचारताना त्यानं वर बघितलं नाही. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

रतनबाई बोलायला गेली. उत्तर तोंडावर असेल असं तिला वाटलं होतं, इतके दिवस हाच तर प्रश्न तिला पाहिजे होता. मांडी? मांडी तिनं कधी खाल्लीच नव्हती. काळीज सरूला जायचं, सरूच्या आधी गेणूच्या बापाला. तिच्या वाट्याला भांड्यात जे उरेल ते यायचं, आणि उरलेलं माणूस आवडतं म्हणून खात नाही. तिनं एकेक तुकडा मनातल्या मनात तोंडात घालून बघितला. चव काही आठवेना.

जाळी खडखडायला लागली. पाचही जनावरं एकमेकांच्या अंगावर चढली होती, बेशीसुद्धा. झुंबरबाई आवाज ऐकून आपल्या दारात आली आणि म्हणाली, की गेणूभाऊ, घाला की त्यास्नी, किती वरडत्यात.

गेणू सुरी धरून तसाच बसून होता.

"थांबा जरा," रतनबाई म्हणाली. "आठवू द्या."